‘घरगुती वादातून’

थोडं लांबलंय. सवडीने वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या बातमीदार मुलीने गुन्ह्याची एक बातमी टाइप करून पाठवली. ‘घरगुती वादातून विवाहितेने जीवन संपवलं’. सहा ओळी. नाव, वय, गाव, पोलिस ठाणं, अकस्मात मृत्यूची नोंद, पुढील तपास अमुक हवालदार करीत आहेत. सगळं जागच्या जागी. मी ‘ओके’ टाकणार एवढ्यात तिचाच फोन आला. “सर, घरगुती वाद म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं?” मी म्हणालो, “तेवढंच लिहायचं असतं. जागा नाहीये.”

फोन ठेवला आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. वीस-बावीस वर्षं झाली या धंद्यात. ‘घरगुती वादातून’, ‘प्रेमप्रकरणातून’, ‘किरकोळ कारणावरून’, ‘दारूच्या नशेत’. तहसीलदाराच्या टेबलावर शिक्के असतात ना, तसे हे आमचे शिक्के. शिक्का उठला की प्रकरण बंद. आतमध्ये काय होतं ते वाचणाऱ्याने विचारायचं नाही आणि लिहिणाऱ्याने सांगायचं नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर बसून एक जुनी रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेची. तिची पहिलीच रेकॉर्ड, नावही तिचंच, ५ एप्रिल १९८८ ला आलेली. अकरा गाणी, छत्तीस मिनिटं. प्रेमाची रेकॉर्ड म्हणून लोक ती आजही ऐकतात आणि ती आहेच प्रेमाची. पण त्या रात्री मला वाटलं की आमच्या गुन्हे पानावर बातमी जिथे संपते, तिथून ही पोरगी गायला सुरुवात करते. चोवीस वर्षांची होती तेव्हा. आम्ही पन्नाशीला आलो तरी जे लिहिलं नाही ते तिने चोविसाव्या वर्षी लिहून ठेवलं.

माझी या गाण्यांशी ओळख जुनी आहे, पण अर्धवट. २००१-०२ साली पुण्यात पत्रकारितेची पदविका करत होतो. खोलीवर नागपूरचा एक मित्र होता, त्याच्याकडे टेपरेकॉर्डर आणि चार-पाच इंग्रजी कॅसेटी. त्यातली ही एक. पहिले दोन महिने मी समजत होतो की गाणारा बाप्या आहे! आवाज तसा खालचा, जाड, घरात कोणी झोपलंय म्हणून हळू बोलावं तसा. शब्द फारसे कळायचे नाहीत. ‘फास्ट कार’ हे गाणं म्हणजे कुठेतरी जोरात गाडी पळवायची मजा, एवढंच कळलेलं. त्यातली गिटारची सुरावट मात्र डोक्यात बसली, परीक्षेच्या पेपरातसुद्धा वाजत राहायची. पुढे वीसेक वर्षांनी मोबाइलवर शब्द डोळ्यांसमोर ठेवून ऐकलं तेव्हा समजलं की गाडी पहिल्या दोन कडव्यांत शहरात पोचते. उरलेलं सगळं गाणं शहरात पोचल्यावर काय होतं याचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ही बाई कोण ते सांगतो. जन्म १९६४ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. कारखान्यांचं शहर. ही चार वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले, आईने वाढवलं. पैशाची ओढाताण, तरी पोर तीन वर्षांची असताना आईने तिला युकुलेले आणून दिलं होतं. कारखाने बसत गेले तसं शहर खंगत गेलं. १९७८ च्या डिसेंबरात क्लीव्हलंडच्या महापालिकेला बँकांचं कर्ज फेडता आलं नाही, म्हणजे शहरानेच हात वर केले. महामंदीनंतर अशी पाळी आलेलं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. ट्रेसी तेव्हा चौदा वर्षांची. पुढे शिष्यवृत्तीवर कनेटिकटमधल्या खासगी शाळेत गेली, मग बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली. शिकताना हार्वर्ड स्क्वेअरला रस्त्यावर गिटार घेऊन गायची. एका सहविद्यार्थ्याने ऐकलं, त्याचे वडील गाण्यांच्या प्रकाशनातले बडे गृहस्थ. आपल्याकडे याला ‘ओळख निघाली’ म्हणतात. तशी ओळख निघाली आणि करार झाला.

तो काळ सिंथेसायझरचा. सगळं चकचकीत, इलेक्ट्रॉनिक, ठोकळा ड्रम. त्यात डेव्हिड कर्शनबॉम नावाच्या निर्मात्याने ही रेकॉर्ड जवळजवळ उघडी ठेवली. गिटार, बास, ड्रम, अधूनमधून थोडं काही, आणि मध्ये आवाज. फोक-रॉक म्हणतात याला. एकट्याने गोष्ट सांगायची लोकगीताची रीत, आणि मागे रॉकचा ठेका. ‘फास्ट कार’मध्ये तो ठेकासुद्धा लगेच येत नाही. कडव्यात गिटारची एकच सुरावट फिरत राहते, जात्याच्या फेऱ्यासारखी, पुढेही जात नाही आणि थांबतही नाही. ड्रम येतो तो धृपदात. आणि धृपद काय आहे? एका रात्रीची आठवण. दोघं गाडीतून भरधाव चाललेत, खाली शहराचे दिवे, त्याचा हात तिच्या खांद्यावर, आणि आपणही कोणीतरी होऊ असं तिला वाटलेलं. गाण्यातला सगळा वेग त्या भूतकाळात आहे. वर्तमानकाळ आला की ड्रम गप्प, पुन्हा जातं.

गोष्ट अशी आहे. मुलीचा बाप दारूडा, शरीराने कामातून गेलेला. आई सोडून गेली. बापाला कोण बघणार म्हणून पोरीने शाळा सोडली. एक मुलगा आहे, त्याच्याकडे गाडी आहे. तिने दुकानात काम करून चार पैसे जमवलेत. दोघं पळतात. शहरात ती बाजारातल्या दुकानात काउंटरवर बसते, त्याला काम मिळत नाही. राहायला निवारा केंद्र. ती म्हणते, होईल नीट, तुला नोकरी लागेल, मला बढती मिळेल, मोठं घर घेऊ. काही वर्षांनी तिच्या पगारावर घर चालतंय, पोरं झालीत, आणि तो रात्री उशिरापर्यंत बारमध्ये, मित्रांत. म्हणजे जो बाप सोडून ती पळाली तोच बाप तिच्या घरात पुन्हा येऊन बसलाय. गाण्यात हे असं कुठे सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला ते आपोआप दिसतं.

आणि एक गोष्ट बघा, मी तरी ही फार उशिरा पाहिली. पळून जायच्या आधी ती म्हणते, आपल्याला ठरवायला पाहिजे, आज रात्री निघायचं की इथेच असं जगून असंच मरायचं. शेवटी हेच वाक्य पुन्हा येतं. फक्त ‘आपल्याला’च्या जागी ‘तुला’ आलंय. बास. एवढाच बदल. रडणं नाही, शाप नाही, विश्वासघात-बिश्वासघात काही नाही. दोघांचं सर्वनाम होतं ते एकाचं झालं. प्रेम किती नाजूक असतं यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी हा एक शब्द मनावर घ्यावा.

आता हे तुटलं कशाने? तो वाईट होता म्हणून? गाण्यात कोणी खलनायक नाही. तिचं मन बदललं म्हणून? नाही. दुकानातल्या काउंटरच्या पगारावर दोन मोठी माणसं आणि पोरं जगत नाहीत म्हणून तुटलं. इथे थोडा हिशेब. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन १९८१ च्या जानेवारीत तासाला ३ डॉलर ३५ सेंट झालं, आणि १९९० चा मार्च संपेपर्यंत तिथेच राहिलं. नऊ वर्षांहून जास्त काळ एक सेंट वाढला नाही. महागाई काही थांबली नव्हती. म्हणजे दर वर्षी ती काउंटरवरची बाई तेवढेच तास उभी राहून आदल्या वर्षापेक्षा कमी घरी नेत होती. रेकॉर्ड आली ती या नऊ वर्षांच्या उत्तरार्धात. बढती मिळेल, मोठं घर घेऊ, ही तिची आशा खोटी ठरते ती नशिबाने नाही. कोणीतरी कुठेतरी बसून तो आकडा हलवला नाही म्हणून ठरते. त्या आकड्याला ‘घरगुती वाद’ कसं म्हणायचं?

ही गोष्ट शब्दशः स्वतःची नाही असं ट्रेसीने सांगितलेलं आहे. मला त्याने फरक पडत नाही. उलट बरंच वाटतं. शेजारच्यांची गोष्ट इतकी आतून सांगता येते तर.

शेजारच्यांवरून आठवलं. खरं तर त्यासाठीच ही पोस्ट लिहायला बसलोय.

या रेकॉर्डमध्ये ‘बिहाइंड द वॉल’ नावाचं गाणं आहे. दोन मिनिटंही नाहीत. एकही वाद्य नाही, नुसता आवाज. भिंतीपलीकडून रात्री बाईच्या किंचाळण्याचा आवाज येतो, ऐकणारीला झोप नाही. पोलिसांना बोलावून उपयोग नसतो, ते येतात तर उशिरा येतात, आणि आले तरी म्हणतात की घरच्या मामल्यात आम्हाला पडता येत नाही. मग शांतता. मग एका रात्री ॲम्ब्युलन्स, आणि जमलेल्या गर्दीला पोलिस सांगतो, चला, झोपा जाऊन. गाणं संपतं. पोलिसाच्या तोंडी तिने जो शब्द ठेवलाय त्याचं सरळ मराठी करायचं तर ‘घरगुती बाब’ असंच होईल. माझा शिक्का, तिच्या गाण्यात, १९८८ साली.

साधारण २०१० च्या आसपासची गोष्ट. आमच्या गावाबाहेर एमआयडीसीला लागून पत्र्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथली एक बातमी आली. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो, फोटो मिळतो का बघायला. खरं कारण तेवढंच. खोल्यांची मालकीण, साठीची बाई, भांडी घासत होती. मला पाहून बोलायला लागली. तिच्याकडून कळलं ते असं. पोरगा-पोरगी दोन वर्षांपूर्वी पळून आलेले, वेगवेगळ्या जातीचे. आले तेव्हा मोटारसायकलवर आले, हप्त्याची गाडी, नवीकोरी. संध्याकाळी तो तिला त्या गाडीवर धरणावर न्यायचा. “लई हसायची हो पोरगी गाडीवर बसताना,” म्हातारी म्हणाली. तो कंपनीत कंत्राटावर, ती मसाल्याच्या पॅकिंगला. मग कंपनीने कंत्राटी पोरं कमी केली. हप्ते थकले, फायनान्सवाले येऊन गाडी ओढून घेऊन गेले. त्यानंतर तो दारूला लागला. माहेर तर तिचं त्याच दिवशी बंद झालं होतं ज्या दिवशी ती गाडीवर बसली. मी विचारलं, “आवाज यायचा का भांडणाचा?” म्हणाली, “यायचा की. पण नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडणार?”

मी ऑफिसला येऊन काय लिहिलं? ‘घरगुती वादातून’. सहा ओळी. गाडी नाही, कंपनी नाही, धरण नाही, म्हातारी नाही. तेव्हा मी जिथे होतो तिथल्या डेस्कने मागितलं तेवढं दिलं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर कोणी मागितलं नाही आणि मीही काही आग्रह धरला नाही.

त्यातली जास्त बोचणारी गोष्ट पुढे कळली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात सरळ म्हटलंय की असं काही घडतंय किंवा घडण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं तो कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. कोणीही, म्हणजे शेजारीसुद्धा. घरमालकीणसुद्धा. आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘कोण पडणार’ या प्रश्नाला कायद्याने उत्तर देऊन ठेवलं होतं, त्या म्हातारीने भांडी घासत तो प्रश्न विचारला त्याच्या कितीतरी आधी. तिला ते माहीत नव्हतं. तिला कोणी सांगायचं? छापणाऱ्याने. मलाच माहीत नव्हतं. आज कोणी वाचत असेल तर, ११२ हा पोलिसांचा नंबर आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा, दोन्ही लक्षात ठेवा. संरक्षण अधिकारी बहुतेक वेळा महिला व बालविकासच्या कार्यालयात बसतात. जाऊन बघा तुमच्या तालुक्याचे कोण आहेत ते. आमच्याकडे हे विचारायला गेलो तर मला तीन टेबलं फिरवली. तो वेगळा विषय.

रेकॉर्डकडे परत येतो.

‘बेबी कॅन आय होल्ड यू’ हे गाणं बऱ्याच जणांनी बॉयझोनच्या आवाजात ऐकलं असेल, त्यांनी ते १९९७ साली गायलं. मूळ हिचं आहे. त्यात एवढंच म्हटलंय की काही साधे शब्द असतात, माफीचे, प्रेमाचे, ते त्या माणसाला वेळेवर सुचत नाहीत आणि मग वर्षं निघून जातात. हे ऐकताना मला आपल्या घराघरांतलं आठवतं. ‘मला माफ कर’ असं मराठीत घरात कोणी म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही. फारच झालं तर ‘सॉरी’, तेही दाराकडे बघत. आपल्याकडची माफी म्हणजे ‘चहा टाकू का?’ किंवा न सांगता आणलेला गजरा. चालतं तोवर चालतं. पण गाडी ओढून नेलेल्या घरात चहाची साखरपण मोजून असते, तिथे न बोलता मागितलेली माफी पोचत नाही. माझ्या बायकोला हे वाक्य वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “तुम्ही चहा तरी कधी टाकलात?” असो.

‘फॉर माय लव्हर’मध्ये एक माणूस प्रेमापायी व्हर्जिनियाच्या तुरुंगात दोन आठवडे काढून आलाय. का, ते सांगितलेलं नाही. पण व्हर्जिनिया हे नाव अमेरिकन माणूस सहज ऐकून सोडून देत नाही. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग, तो गोरा, ती कृष्णवर्णीय. १९५८ साली त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि व्हर्जिनियात घरी परतल्यावर पोलिसांनी मध्यरात्री बेडरूममधून उचललं. न्यायाधीशाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि पंचवीस वर्षं राज्यात दोघांनी एकत्र पाऊल ठेवायचं नाही या अटीवर ती स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते १२ जून १९६७ ला. ट्रेसी तेव्हा तीन वर्षांची होती.

लगेच नाक मुरडू नका. आपल्या विशेष विवाह कायद्यात, १९५४ च्या, तीस दिवसांची नोटीस आहे. मुलामुलीचं नाव, वय, पत्ता लिहून ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. शहरात ती कोणी वाचत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तो बोर्ड कोण कोण रोज बघायला येतं ते आम्हा बातमीदारांना चांगलं ठाऊक आहे, आमच्यातलेही काही त्यात असतात. मग भाऊ येतो, मामा येतो, गाड्या भरून माणसं येतात. प्रेम नाजूक असतं म्हणे! तीस दिवस बोर्डावर टांगल्यावर पोलादसुद्धा गंजेल. आणि २०२२ च्या डिसेंबरात आपल्याच सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समिती काढली, ओरड झाल्यावर त्यातलं ‘आंतरजातीय’ काढून टाकलं आणि बाकीचं ठेवलं. एका हाताने आंतरजातीय विवाहाला अनुदान आणि दुसऱ्या हाताने पाळत.

रेकॉर्डमध्ये सगळंच मला आवडतं असं नाही. ‘टॉकिंग बाउट अ रिव्होल्यूशन’ लोकांना फार प्रिय आहे, सभा-मोर्च्यांत वाजतं. गरीब उठतील, आपला वाटा घेतील, वगैरे. चाल झकास आहे. पण ते ऐकताना मला व्यासपीठ दिसतं, माणूस दिसत नाही. ‘व्हाय’चंही तसंच, प्रश्नच प्रश्न, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसारखे. राजकारण तिला जमलंय ते जिथे ती राजकारणाचा शब्द काढत नाही तिथे. काउंटरवर उभ्या असलेल्या बाईच्या पायांत ते सगळं आलं.

आपल्या भावगीतांवर माझं प्रेम आहे, लहानपण रेडिओवरच गेलं. पण त्यातल्या प्रेमात कोणाला पगार असतो का हो? चांदणं असतं, पाऊस असतो, वाट पाहणं असतं. घरभाडं कोणी भरत नाही. याउलट आपल्याच जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बाया पहाटे दळताना नवरा, सासर, सवत, दारू, दुष्काळ, भावाने केलेली चोळी, सगळं एकाच दमात गातात. प्रेम वेगळं आणि पोट वेगळं असं त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. नारायण सुर्व्यांच्या कवितेतही ते वेगळं नव्हतं. चॅपमनच्या गाण्यातलं फोक म्हणजे मला तरी हेच वाटतं.

आता वेम्ब्लीची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ जून १९८८. नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर मैफल, आणि ज्याचा वाढदिवस तो तुरुंगात. रेकॉर्ड येऊन दोनच महिने झालेले. ट्रेसी दुपारी आपली थोडी गाणी गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडरची वेळ आली आणि त्याच्या वाद्यातली हार्ड डिस्क सापडेना, ज्यात त्याचं सगळं संगीत भरलेलं. तो निघून गेला. पुढे हजारो माणसं, जगभर थेट प्रक्षेपण, आणि रंगमंच रिकामा. संयोजकांनी हिला सांगितलं, जा. हिच्याकडे जुळवाजुळव काही नव्हतीच, एक गिटार. ती गेली आणि ‘फास्ट कार’ गायली. मोबाइलवर आहे, बघा. सुरुवातीला गर्दीचा कलकलाट ऐकू येतो. यंत्र बिघडलं म्हणून मोठा कार्यक्रम अडला आणि दुकानातल्या काउंटरवरच्या बाईची गोष्ट जगाला ऐकावी लागली. त्यानंतर रेकॉर्ड अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, पुढल्या वर्षी तीन ग्रॅमी. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ॲम्नेस्टीच्या दौऱ्यात ती दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवरही गाऊन गेली, स्प्रिंगस्टीन, स्टिंग यांच्याबरोबर. त्या वर्षी मी चौथी-पाचवीत असेन. आमच्या गावात लाइट जायची.

अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, ल्यूक कोम्ब्स नावाच्या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ पुन्हा गायलं. गोरा, दाढीवाला, नॉर्थ कॅरोलिनाचा गडी. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये हे गाणं ऐकलेलं. ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, मूळ गाणं सहाव्यापर्यंत गेलं होतं. मला आवडलं ते हे की काउंटरवरची ‘पोरगी’ त्याने बदलली नाही. पुरुषाच्या आवाजात तो तसंच गातो. पस्तीस वर्षांनी एका कृष्णवर्णीय बाईने लिहिलेली गोष्ट एका गोऱ्या ट्रकवाल्याच्या पोराला आपली वाटली, हे वाचून तिकडे बऱ्याच जणांनी देश एकत्र आला वगैरे लिहिलं. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. पस्तीस वर्षांत त्या काउंटरवरच्या पोरीचं काही बदललं असतं तर हे गाणं जुनं झालं असतं. ते झालं नाही, ही गाण्याची थोरवी आहेच, पण दुसऱ्या कोणाची तरी नामुष्कीही आहे.

काही मित्र म्हणतील, प्रेमाच्या गाण्यात किमान वेतन कशाला आणतोस, ऐक की नुसतं. ऐकतो ना. वीस वर्षं नुसतंच ऐकलं. गाडी पळतेय म्हणून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, जा, त्या गावात जाऊन ये, फोटोसाठी नको, शेजारच्यांशी बोल, कामावर कुठे जायची ते विचार, कर्ज कोणाचं होतं ते विचार. नाव छापायचं नाही. आणि कारण एकच असतं असं समजून लिहू नकोस, तसं नसतं. ती गेली, दोन दिवस गेली. काल रात्री तिने अकराशे शब्द पाठवलेत. त्यात बचत गटाचं कर्ज आहे, ऊसतोडीची उचल आहे, नवऱ्याने पहिल्या वर्षी घेऊन दिलेली सायकल आहे, आणि भिंतीपलीकडची एक बाई आहे जी आधी बोलायला तयार नव्हती आणि मग दोन तास थांबली नाही. ‘घरगुती वाद’ हे शब्द नाहीत.

रविवारच्या पान चारवर अर्धं पान मागितलंय. जाहिरातवाल्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी एका नेत्याचा वाढदिवस आहे.